'क्रो बॉय' हे चित्रपुस्तक: शाळा सुरू होताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना सरत आला की शाळेविषयीचे एखादे चांगले चित्रपुस्तक सुचवा, अशी पालकांची आणि शिक्षकांची पत्रे येऊ लागतात. आम्ही बहुतेकांना 'क्रो बॉय' सुचवतो, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्याच पुस्तकाविषयीचे प्रश्न परत येऊ लागतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा आले, ते साध्यापासून अवघडापर्यंत अशा क्रमाने येथे दिले आहेत. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा येऊ नये, म्हणून आवश्यक तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे पुस्तक नेमके कोणते आणि कोणाचे?

'क्रो बॉय' हे तारो याशिमा यांनी लिहिलेले आणि त्यांनीच चितारलेले चित्रपुस्तक आहे. ते १९५५ साली अमेरिकेत व्हायकिंग प्रेसने इंग्रजीत प्रकाशित केले. लेखक जपानी आणि गोष्ट जपानमधल्या खेड्यातली असली, तरी पुस्तक मुळात इंग्रजीत लिहिले गेले. जपानी वाचकांच्या हाती ते 'कारासु तारो' या नावाने १९७९ साली, म्हणजे जवळजवळ पाव शतकाने आले. अमेरिकेतील ग्रंथालय संघटना उत्तम चित्रपुस्तकासाठी जे कॅल्डेकॉट पदक देते, त्याच्या १९५६ च्या निवडीत हे पुस्तक उपविजेते होते. उपविजेत्या पुस्तकांना 'ऑनर बुक' म्हणण्याची पद्धत १९७१ पासून सुरू झाली आणि ती मागील वर्षांनाही लावण्यात आली, त्यामुळे आजच्या प्रतींवर तोच उल्लेख दिसतो. याशिमांना हा मान पुढे १९५९ आणि १९६८ साली आणखी दोन पुस्तकांसाठी मिळाला.

२. गोष्ट थोडक्यात सांगाल का?

शाळेच्या पहिल्याच दिवशी एक मुलगा वर्गात सापडत नाही. तो शाळेच्या लाकडी इमारतीखालच्या अंधाऱ्या पोकळीत लपून बसलेला असतो. त्याला कोणीच ओळखत नाही. अंगाने अगदी लहान, म्हणून सगळे त्याला 'चिबी' म्हणू लागतात. त्याला शिक्षकांची भीती वाटते, म्हणून तो काही शिकू शकत नाही, आणि मुलांची भीती वाटते, म्हणून त्याला मित्र मिळत नाहीत. नको ते दिसू नये म्हणून तो डोळे तिरळे करायला शिकतो. वर्गाचे छत, बाकाचे लाकूड, पुढच्या मुलाच्या खांद्यावरचे ठिगळ, खिडकीबाहेरचे ऋतू, यांत तो तासन् तास रमतो. मुले त्याला मठ्ठ ठरवतात. तरीही मुळ्याच्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा घेऊन, पावसात वाळल्या गवताचे पांघरूण ओढून, तो रोज शाळेत येतच राहतो. कोकणातल्या वाचकांना येथे इरले आठवेल, आणि मुलांना समजावताना तो शब्द खुशाल वापरावा.

अशी पाच वर्षे जातात. सहावीत इसोबे नावाचे नवे शिक्षक येतात. त्या वर्षीच्या कार्यक्रमात चिबी रंगमंचावर उभा राहतो आणि कावळ्यांचे आवाज काढतो. त्यानंतर इसोबे सर हे आवाज तो कोठे शिकला ते सांगतात: सहा वर्षे, रोज पहाटे घरून निघून सूर्यास्ताला घरी पोचणाऱ्या मुलाने ते डोंगरवाटेवर ऐकले होते. सगळे रडतात. शाळा संपताना सहा वर्षांत एकही दिवस न चुकवल्याबद्दल फक्त त्याचाच गौरव होतो. पुढे तो कधीमधी कोळसा विकायला गावात येतो तेव्हा त्याला कोणी चिबी म्हणत नाही, सगळे 'क्रो बॉय' म्हणतात, आणि परतताना डोंगराच्या वळणावरून त्याचा कावळ्याचा आनंदी आवाज ऐकू येतो.

३. ही गोष्ट खरी घडलेली आहे का?

गोष्ट रचलेली आहे, पण तिच्यातले खेडे, शाळा आणि डोंगर लेखकाच्या बालपणातून आलेले आहेत. याशिमांचा जन्म १९०८ साली जपानच्या दक्षिण टोकाला, क्युशू बेटावरच्या कागोशिमा प्रांतात, नेजिमे या गावी झाला. त्यांचे वडील खेड्यात डॉक्टर होते. म्हणजे लेखक डोंगरापलीकडून येणारा मुलगा नव्हता, तो गावातल्या मुलांपैकी होता, आणि ही बाब प्रश्न ७ वाचताना ध्यानात ठेवावी.

त्यांचे पुढचे आयुष्य या शांत पुस्तकावरून ओळखू येणार नाही असे आहे. टोकियोच्या कलाशाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले, आणि त्याचे एक कारण लष्करी कवायतीला दांडी मारणे हे होते. जपानमधील युद्धखोर राजवटीला विरोध केल्याबद्दल त्यांना आणि त्यांच्या पत्नीला तुरुंगवास घडला. १९३९ साली ते दोघे अमेरिकेला गेले आणि लहानगा मुलगा माको आजी-आजोबांकडे जपानमध्येच राहिला. युद्धकाळात अमेरिकेसाठी काम करताना जपानमधल्या कुटुंबावर संकट येऊ नये, म्हणून अत्सुशी इवामात्सु हे मूळ नाव बाजूला ठेवून त्यांनी तारो याशिमा हे नाव घेतले. मुलाची भेट युद्ध संपल्यानंतर काही वर्षांनी झाली. हाच माको पुढे हॉलिवूडमध्ये नावाजलेला अभिनेता झाला. मायदेशापासून दूर राहणाऱ्या माणसाने, परक्या भाषेत, आपल्या गावच्या शाळेविषयी लिहिलेले हे पुस्तक आहे. शेवटी डोंगराच्या वळणावरून येणारा तो आवाज वाचताना आम्हांला हे दरवेळी आठवते.

४. कोणत्या वयाच्या मुलांना ते वाचून दाखवावे?

विक्रेते सहसा चार ते आठ वर्षे असे वय सांगतात. आमच्या मते दुसरी ते पाचवी हा त्याचा खरा काळ आहे, आणि सहावी-सातवीच्या मुलांनाही ते लहान वाटत नाही. मजकूर थोडा आहे, पण पाच वर्षे कोणी आपल्याशी बोलत नाही म्हणजे काय, हे कळायला थोडे शाळेचे वय लागते.

५. माझी मुलगी यंदा पहिल्यांदाच शाळेत जाणार आहे. तिच्यासाठी हे पुस्तक घ्यावे का?

घ्यावे, पण पहिल्या आठवड्यात काढू नये. आमची शिफारस ऐकून जे पालक नाराज होतात, ते बहुधा याच कारणाने होतात, आणि त्यांचे म्हणणे बरोबर असते. शाळा म्हणजे मजा, मैत्रिणी आणि प्रेमळ बाई, असे सांगणाऱ्या पुस्तकांची रांग लागलेली असते. हे पुस्तक मात्र लपून बसलेल्या मुलापासून सुरू होते आणि त्याला दिलासा मिळायला गोष्टीतली पाच वर्षे लागतात. ज्या मुलाने अजून वर्गच पाहिलेला नाही, त्याला भीतीचे हे तयार चित्र देण्याची गरज नाही.

याला एक अपवाद आहे. मूल आधीच घाबरलेले असेल, दारात रडत असेल, आणि घरातले सगळे 'त्यात काय घाबरायचे' असे म्हणत असतील, तर पहिली दोन पाने उपयोगी पडतात, कारण आपल्यासारखे आणखी कोणी होते हे त्याला तेथे दिसते. अशा वेळी लपलेल्या मुलापाशी थांबावे, 'त्याला तिथे काय काय दिसत असेल?' एवढेच विचारावे, आणि पुढची गोष्ट दुसऱ्या दिवसावर ठेवावी.

६. 'चिबी' म्हणजे काय? हे लाडाचे नाव आहे की चिडवण्याचे?

दोन्ही. जपानीत 'चिबी' म्हणजे चिमुकला, बुटका. घरातल्या धाकट्याला प्रेमाने तसे म्हणतात आणि वर्गातल्या लहानखुऱ्या मुलाला खिजवायलाही तोच शब्द वापरतात. मराठीत 'बारक्या' हा शब्द नेमके हेच काम करतो. आजीच्या तोंडी तो मऊ असतो आणि मधल्या सुट्टीत मैदानावर टोचरा होतो. वाचताना मूळ 'चिबी' हेच नाव ठेवावे आणि पहिल्या उल्लेखाला 'म्हणजे आपल्याकडे बारक्या म्हणतात ना, तसे' एवढे सांगावे. मुलाचे खरे नाव पुस्तकात कोठेही येत नाही, हे बारकाईने ऐकणारी मुले स्वतःहून विचारतात. सहा वर्षे एका वर्गात बसूनही गोष्ट सांगणाऱ्याने ते आपल्याला सांगितलेले नाही.

७. मराठीत सांगताना इंग्रजीतल्या 'वुई' चे 'आम्ही' करावे की 'आपण'?

'आम्ही' करावे, आणि शेवटपर्यंत तेच ठेवावे. हा प्रश्न आम्हांला फार आवडतो, कारण इंग्रजी वाचकाला तो पडूच शकत नाही. गोष्ट सांगणारा चिबी नाही, शिक्षकही नाही. ती वर्गातला कोणीतरी सांगतो, आणि 'मी' असे न म्हणता सगळ्या वर्गाच्या वतीने बोलतो. आम्हांला तो सापडला, आम्ही त्याला एकटे टाकले, आम्ही सगळे रडलो, असा तो सूर आहे. चिडवणाऱ्यांनी मोठेपणी दिलेली ही कबुली आहे.

मराठीतल्या 'आम्ही' मध्ये ऐकणारा धरलेला नसतो, 'आपण' मध्ये तो येतो. 'आपण त्याला एकटे टाकले' असे म्हटले, तर ऐकणारी मुले न केलेल्या गुन्ह्यात ओढली जातात आणि गोष्टीला उपदेशाचा वास येतो. 'आम्ही' म्हटले की चिबी त्यांच्या कोंडाळ्याच्या बाहेर राहतो, आणि ऐकणारा मोकळा राहून दोन्ही बाजू पाहू शकतो. वाचणाऱ्याला मात्र हा शब्द जड जातो, कारण उच्चारताना आपणही त्या वर्गात जाऊन बसतो. आवाज थोडा अडखळला तर अडखळू द्यावा.

८. 'क्रो बॉय' ला मराठीत काय म्हणावे? 'कावळ्या' ही तर शिवीच वाटते.

वाटते खरी. 'ए कावळ्या' हे आपल्याकडे रंगावरून हिणवण्याचे बोलणे आहे, आणि गोष्टीच्या शेवटी गावाने आदराने दिलेले नाव तसे ऐकू आले तर शेवटच कोसळतो. 'काकबालक' सारखे संस्कृत वळण शुद्ध असले, तरी रस्त्यावरून त्याला अशी हाक कोणी मारणार नाही. जपानी आवृत्तीने 'कारासु', म्हणजे कावळा, याच्यापुढे 'तारो' हे मुलाचे साधे, भारदस्त नाव जोडले. तारो हे नाव पूर्वापार थोरल्या मुलाला ठेवत आणि ते लेखकाचेही घेतलेले नाव आहे. आम्ही सांगताना 'कावळेदादा' म्हणतो. चिऊताईच्या गोष्टीमुळे हा शब्द मुलांच्या कानांवर असतो आणि 'दादा' मध्ये तो वयाने व मानाने मोठा झाल्याचेही येते. याहून चांगला शब्द कोणाला सुचला, तर आम्ही आमचा सोडून देऊ.

९. कावळ्यांचे आवाज वाचताना कसे काढायचे? मला फक्त 'काव काव' येते.

मुलांना सुरुवातीला तेवढेच येते, म्हणून ते चालते. पुस्तकात क्रमाने अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांचा आवाज, आईचा, बापाचा, पहाटेचा, गावात काही वाईट घडले तेव्हाचा, आनंदाचा, आणि सर्वांत शेवटी जुनाट झाडावरच्या कावळ्याचा घशातून खोल काढलेला आवाज येतो. पिलांचा पातळ आणि चिरका, आईचा जवळून आल्यासारखा, बापाचा जाड, एवढा फरक केला तरी मुले पुढचे आपण होऊन करतात.

वाचनाआधी दोन दिवस मुलांना खरे कावळे ऐकायला सांगावे. गावात, मान राखाडी असलेला, तो गावकावळा. सर्वांगाने काळा, चोचीने दणकट आणि घोगऱ्या आवाजाचा, तो डोमकावळा. जपानच्या डोंगरातला कावळा आपल्या डोमकावळ्याच्या जवळचा आहे, म्हणून झाडावरच्या शेवटच्या आवाजासाठी त्याची नक्कल करावी. कावळ्याचे वेगवेगळे ओरडणे वेगवेगळ्या गोष्टी सांगते, ही कल्पना मराठी घरांत समजावून द्यावी लागत नाही. छपरावर ओरडला की पाहुणा येणार, आणि पिंडाला शिवला नाही की काही इच्छा राहिली, हे मुलांनी मोठ्यांच्या तोंडून ऐकलेले असते.

१०. चित्रे इतकी खरखरीत आणि अपुरी का वाटतात?

रेघा झपाट्याने आणि खरबरीत ओढलेल्या आहेत, रंग मोजके आहेत, आणि बरीच जागा कोरी सोडलेली आहे. ती कोरी जागा पाहण्यासारखी आहे, कारण चिबी आणि इतर मुले यांच्यामधले अंतर तीच दाखवते. शिवाय छताचे, लाकडाचे आणि ठिगळाचे नमुने अशा जवळून काढले आहेत की आपणही चिबीसारखे टक लावून पाहू लागतो. म्हणून ही पाने भराभर उलटू नयेत. मजकूर एका ओळीचा असला, तरी पानावर मनातल्या मनात वीस आकडे मोजावेत.

११. इसोबे सरांनी असे वेगळे काय केले?

फार थोडे, आणि म्हणूनच ते नीट मोजून पाहावे. ते वर्गाला शाळेमागच्या टेकडीवर नेत, तेव्हा रानद्राक्षे आणि रानकंद कोठे मिळतात हे चिबीला ठाऊक आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. वर्गाच्या बागेतल्या फुलांविषयी त्याला किती माहिती आहे, हे पाहून ते थक्क झाले. त्याची काळी-पांढरी चित्रे त्यांनी भिंतीवर लावली. त्याच्याशिवाय कोणालाही वाचता येत नसलेले त्याचे अक्षरही त्यांनी भिंतीवर लावले. आणि आसपास कोणी नसताना ते त्याच्याशी गप्पा मारत.

यांतले एकही काम चिबीला नवे काही शिकवण्याचे नाही. आधीपासून जे तेथे होते, ते त्यांनी पाहिले. वाचता न येणारे अक्षर भिंतीवर लावणे आम्हांला सर्वांत धाडसाचे वाटते. चांगले चित्र कोणीही लावेल, पण सुधारायला हवे असे अक्षर जसेच्या तसे लावायला शिक्षकाची छाती लागते. एका मुख्याध्यापकांनी आम्हांला विचारले होते की असे केल्याने वर्गात चुकीचा पायंडा पडणार नाही का. पडेलही. पण अक्षर सुधारायचे असेल तर आधी मुलाने पेन्सिल हातात धरली पाहिजे, आणि जी पाच वर्षे अशी भिंत नव्हती, त्या काळात तो भीतीने काहीच शिकू शकला नव्हता, असे पुस्तकच सांगते.

'आधीचे शिक्षक वाईट होते का?' असेही विचारले जाते. त्यांनी त्याला मारले, असे पुस्तकात कोठेही नाही. त्यांचे नावही नाही आणि चेहराही लक्षात राहत नाही.

१२. पण शेवटी कला दाखवली तेव्हाच त्याला मान मिळाला ना? ज्या मुलाला असे काही येत नाही, त्याने काय करायचे?

या पुस्तकावरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो पूर्णपणे खोडून काढता येत नाही. 'प्रत्येक मुलात एक सुप्त गुण असतो' या वाक्याच्या उदाहरणादाखल ही गोष्ट शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितली जाते, आणि तशी सांगितली की ती खोटी पडते. मग वर्गात बसलेले मूल आपला गुण शोधत राहते, आणि तो न सापडल्यास पूर्वीपेक्षाही एकटे पडते.

तरीही दोन गोष्टी पानांवरच्या क्रमातच आहेत. पहिली अशी, की इसोबे सरांचे बोलणे-बसणे (प्रश्न ११) हे सगळे कार्यक्रमाच्या आधीचे आहे. सरांनी त्याला जवळ केले ते टाळ्यांच्या बळावर नव्हे. दुसरी गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. लोक आवाज ऐकताना रडत नाहीत. आवाज चालू असताना त्यांचे मन दूरच्या डोंगराकडे जाते, आणि रडू येते ते त्यानंतर, सर जेव्हा पहाटे निघून सूर्यास्ताला पोचण्याची हकिकत सांगतात तेव्हा. रडू कलेला आलेले नसून रोजच्या त्या वाटेला आलेले आहे, जी सहा वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होती आणि जिच्याविषयी 'तू येतोस कुठून?' असे एकानेही विचारले नव्हते. हे विचारण्यासाठी चिबीला काहीही येण्याची गरज नव्हती.

म्हणून ज्या मुलाला कावळ्याचे आवाज येत नाहीत, त्याच्याही घराची वाट असते, एवढे उत्तर या पुस्तकातून निघते. रंगमंचाशिवाय वर्गाला ते कळले असते का, याचे उत्तर मात्र लेखकाने दिलेले नाही, आणि ही उणीव आहे असे आमचेही मत आहे.

यावरून एक विनंती करावीशी वाटते. वाचन संपल्यावर कावळ्याच्या आवाजाची स्पर्धा घेऊ नये, क्रमांक तर अजिबात काढू नयेत. त्याऐवजी प्रत्येकाला घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर काय ऐकू येते, ते सांगायला लावावे. वाडीवरून चालत येणारा, रिक्षातून येणारा आणि सोसायटीच्या फाटकातून उतरणारा, तिघांकडेही सांगण्यासारखे निघते.

१३. शंभर टक्के हजेरीचे कौतुक करावे का? आजारी मुलेही बक्षिसासाठी शाळेत येतात.

आजारी मुलाने घरी राहावे, यात दुमत नाही, आणि पुस्तक वाचताना हे मुलांना सांगायला हरकत नाही. पण गोष्टीतल्या गौरवाचा अर्थ वेगळा आहे. वर्गात सर्वांत शेवटी असलेला मुलगा ज्या एकाच मापाने पहिला येतो, ते माप पायांचे आहे. शिवाय तो गौरव कार्यक्रमानंतर येतो, म्हणजे त्या हजेरीची किंमत काय होती हे सर्वांना कळल्यानंतर. कवायत चुकवल्याबद्दल कलाशाळेतून बाहेर पडलेल्या लेखकाने (प्रश्न ३) पूर्ण हजेरीचा असा मान करावा, यात थोडी गंमतही आहे. दांडी कोठे मारावी आणि कोठे मारू नये, हे त्यांना ठाऊक असावे.

१४. चिबी स्वमग्न आहे का? माझा मुलगाही तसाच एकटक पाहत बसतो.

पुस्तक त्याला कोणतेही निदान लावत नाही आणि आपणही गोष्टीतल्या मुलाला ते लावू नये. एकाच वस्तूत रमणे, नजर चुकवणे, आवाज अचूक टिपणे या खुणांमुळे आजचे वाचक तसा विचार करतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याच खुणा भीतीतूनही येतात, आणि डोळे तिरळे करण्याचे कारण तर मजकुरातच दिले आहे.

आपल्या मुलाविषयी शंका असेल, तर मात्र पुस्तकावर विसंबून राहू नये. प्रथम कानांची आणि डोळ्यांची तपासणी करून घ्यावी, कारण नीट ऐकू न येणारे मूल अनेकदा 'लक्ष देत नाही' या शिक्क्याखाली वर्षे काढते. त्यानंतर बालविकासतज्ज्ञांना भेटावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे असतात आणि शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाकडूनही तेथे पाठवले जाते. इसोबे सर येईपर्यंत पाच वर्षे थांबणे हा गोष्टीतला नाइलाज आहे, तो उपाय नव्हे.

१५. इतके होऊन शेवटी तो कोळसाच विकतो. मग शिक्षणाचा उपयोग काय झाला?

शहरी पालक हे हटकून विचारतात. जपानमध्ये १९०७ पासून सहा वर्षांचे शिक्षण सक्तीचे होते आणि सहावीनंतर खेड्यातली बहुतेक मुले घरच्या कामाला लागत. सक्तीची मुदत नऊ वर्षांची झाली ती १९४७ साली. म्हणजे गोष्टीच्या काळात चिबीचे कोळसा विकणे हे अपयश मानले जात नव्हते. त्याच्या वर्गातली इतर मुलेही कामालाच लागलेली आहेत, असे पुस्तकात म्हटले आहे. लेखकाने त्याला गायक किंवा साहेब केले नाही, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

महाराष्ट्रात या पानाला एक वेगळी धार येते. रायगडसारख्या जिल्ह्यांतली कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि त्यांच्या मुलांची शाळा अर्ध्यावर तुटते. आपल्याकडे सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क कायद्याने, १ एप्रिल २०१० पासून, मिळालेला आहे. तेव्हा हे पान दाखवताना लोणारी कोळसा म्हणजे काय, तो लाकडापासून कसा करतात, हे सांगावे, आणि मुलांनी 'आपल्याकडे तो कोण करतं?' असे विचारले, तर खरे उत्तर द्यावे.

१६. आमच्या वर्गात अगदी असाच एक मुलगा आहे. त्याच्यासमोर हे वाचावे का?

वाचावे, पण त्याच्याकडे न पाहता. वाचून झाल्यावर 'आपल्या वर्गातला चिबी कोण?' असा प्रश्न कधीही विचारू नये. आम्हांला आलेल्या पत्रांत हा प्रकार एकदा नव्हे, अनेकदा वाचायला मिळाला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्या मुलाला नवे टोपणनाव मिळाले. आधी काही दिवस त्या मुलाशी एकट्याने बोलण्याची सवय लावावी (प्रश्न ११ मधील शेवटचे काम), आणि पुस्तक त्यानंतर काढावे.

१७. माझाच मुलगा चिडवणाऱ्यांपैकी आहे. त्याला हे पुस्तक शिक्षा म्हणून वाचायला लावू का?

नाही. शिक्षा म्हणून दिलेले पुस्तक तो पुन्हा हातात घेणार नाही. रात्री झोपताना आपणच वाचावे आणि प्रश्न ७ मधला 'आम्ही' नीट ऐकू येऊ द्यावा. त्यावर भाष्य करू नये. तो स्वतः बोललाच, तर एखाद्या मुलाचे नाव निघेल, आणि ते निघाले की त्या मुलाचे घर कोठे आहे एवढेच विचारावे.

१८. पुस्तकाचे मराठी भाषांतर करून छापता येईल का? वाचनाचा व्हिडिओ टाकला तर चालेल का?

वर्गात किंवा घरी तोंडी मराठी करून सांगायला कोणाची आडकाठी नाही. छापणे किंवा चित्रांसह व्हिडिओ सार्वजनिक करणे वेगळे. याशिमांचे निधन १९९४ साली झाले आणि भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्व टिकते. त्यामुळे त्यासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल, आणि ती मूळ प्रकाशकामार्फत मागावी. केवळ पाने दाखवून, आवाज बंद ठेवून केलेला व्हिडिओही यातून सुटत नाही, कारण चित्रेही त्यांचीच आहेत.